घड्याळजीशी अबोला

प्रिय दादा,

'प्रिय' हा शब्द कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनं लावलेल्या सवयीमुळे आलाय, त्याचा फार अर्थ लावू नकोस. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला ती बजावायची की पत्र भांडणाचं असलं तरी सुरुवात सभ्य हवी, म्हणजे समोरचा निदान दुसऱ्या ओळीपर्यंत येतो. आलास ना? मग पुढचंही वाच, आणि वाचताना समासात पेन्सिलीनं एक-दोन-तीन घालत बसू नकोस. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतोस. "एक मिनिट, तुझ्या बोलण्यात दोन वेगळे मुद्दे आहेत," असं तू म्हणालास की माझ्याजवळ असलेला एकुलता एक मुद्दाही मी विसरते. तू जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंस, मी जन्मभर पहिलीतल्या मुलांची नाकं पुसली. बोलण्यात मी तुला पुरी पडायची नाही. कागदावर मात्र तुला मला अडवता येत नाही.

तुझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती पोचली. मुखपृष्ठावर बाबा आहेत. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मान खाली. हा फोटो तू कधी काढलास ते त्यांना कळलंही नव्हतं. आतल्या पानावर लिहिलंयस, "बाबांना, ज्यांच्या टेबलावर मला देवाचा पहिला पुरावा सापडला." वहिनीचा लगेच फोन आला, बाबांना आवडलं का म्हणून. मी म्हटलं, वाचतायत. ते खरं होतं. बाबा रोज दोन पानं वाचतात, भिंग लावून, जसं दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडून बघतात तसं. त्यांना आवडलं का, ते आता सविस्तर सांगते.

चार महिन्यांपूर्वी तू आलास तो दिवस आठव. दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलास. वर घरात ये, पंख्याखाली बस, असं मी दोनदा म्हटलं, तर तू नेहमीसारखे गुडघे पुढे केलेस. दादा, तुझे गुडघे तू वीस वर्षांचा होतास तेव्हापासून आपल्या जिन्यापाशीच दुखतात. बाकी कुठल्याही व्यासपीठाच्या पायऱ्या तू टणाटण चढतोस, मी पाहिलंय. असो. मी चहा खाली आणला. तू बाबांना म्हणत होतास, "समजा, तुम्ही एका उजाड माळावरून चालला आहात." बाबा म्हणाले, "मी कशाला जाऊ माळावर? दुकान कोण बघणार?" तू म्हणालास, "समजा हो. आणि तिथं तुम्हाला एक घड्याळ पडलेलं सापडलं." बाबांनी विचारलं, "कुठल्या कंपनीचं?" मला इतकं हसू आलं की बशीत चहा सांडला. तुलाही आलं. तेवढा वेळ आपण भाऊबहीण होतो, हे मी मान्य करते.

पण तू थांबला नाहीस. तू समजावून सांगितलंस की घड्याळातलं प्रत्येक चक्र कशासाठी तरी बसवलेलं असतं. ते आपोआप जुळून आलं असं कुणी म्हणणार नाही. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे. मग हे जग तर घड्याळाहून हजारपट नाजूक, त्याचा कुणी घडवणारा नसेल कसा? इथपर्यंत ठीक होतं. सिस्टरही आम्हाला थोड्याफार फरकानं हेच सांगायची, फक्त ती सांगताना फुलं दाखवायची. तू फुलं नाही घेतलीस. तू म्हणालास, "हृदयच घ्या ना, बाबा. त्यातल्या झडपा बघा. किती नेमक्या! एक उघडते तेव्हा दुसरी मिटते, सत्तर-ऐंशी वर्षं, न चुकता."

त्या घरात, त्या टेबलासमोर, तू 'झडप' म्हणालास. तुझ्या लक्षात तरी आलं का? की चाळीस वर्षं तीच ओळ म्हणून म्हणून तुझी जीभ तिकडे आपोआप वळते?

बाबांनी चिमटा खाली ठेवला. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तो माझ्याच धंद्यातला?" तू खूश झालास. "अगदी तसंच समजा," म्हणालास आणि खिशातली वही काढून ते वाक्य लिहून घेतलंस. ते आता पान सत्तेचाळीसवर छापून आलंय. एका साध्या कारागिराला विश्वाचं कोडं कसं एका क्षणात उलगडलं, असं तू त्याखाली लिहिलंयस. साधा कारागीर! दादा, त्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या घड्याळांची संख्या तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्यातली बरीच अजून चालतायत.

आता दुसऱ्या दिवसाचं सांगते. तुला माहीत आहे, आपल्याला समजायला लागल्यापासून बाबांचा दिवस कसा सुरू होतो. दुकानाची फळी उघडायची, टेबल पुसायचं, आणि मग भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायची. चावी देताना त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि ओठ हलतात. आवाज नाही, नुसते ओठ. आई त्याला चेष्टेनं 'बाबांचा हेडऑफिसला फोन' म्हणायची. लहानपणी आपण तिघं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ते बघायचो आणि धाकटी ठकी त्यांची नक्कल करायची, डोळे मिटून हवेत चावी फिरवायची. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा बाबा खाली आले होते. फळी उघडली नाही, पण चावी दिली. मी अकरा वर्षांची होते, अंधाऱ्या दुकानात दाराशी उभी राहून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. त्या एका दृश्यावर मी माझं सगळं आयुष्य काढलंय, दादा. मला तुझ्या पुस्तकातले देवाचे पाच पुरावे कधी लागले नाहीत. नवरा गेला, शाळा सुटली, आईचं अंथरूण तीन वर्षं सांभाळलं. रोज सकाळी जिन्यावरून वाकून मी बाबांचे ओठ बघायचे, आणि तेवढं मला पुरायचं.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबांनी चावी दिली. ओठ हलले नाहीत.

मला वाटलं, दात दुखत असेल. वय अठ्ठ्याऐंशी आहे, काहीही दुखू शकतं. आठवडाभर वाट पाहिली. मग धीर करून विचारलं, बाबा, तुम्ही चावी देताना काय म्हणायचात? पन्नास वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं. तर म्हणाले, "काही नाही गं. तुमची तिघांची नावं घ्यायचो. ही माझी आहेत, लक्ष ठेव, इतकंच." म्हटलं, तिघांची? ठकी गेल्यावरही? म्हणाले, "हो, का? गेली म्हणून माझी नाही का?" मग आता का नाही घेत, असं विचारलं तर त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, "ज्याला सांगायचो त्याच्याशी अबोला धरलाय."

तू आनंदानं उडी मारशील म्हणून आधीच सांगते, तुझा युक्तिवाद बाबांना पटलाय. पूर्ण पटलाय. तीच तर पंचाईत झाली. आधी देव म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. आभाळाला कुणी जाब विचारत नाही. तू त्यांना सांगितलंस की तो त्यांच्यासारखाच टेबलाशी बसलेला एक घड्याळजी आहे. आणि घड्याळजी म्हटल्यावर त्याच्या कामात काय बघायचं ते बाबांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. महिनाभर त्यांनी तो विचार केला असावा. एका दुपारी टेबलावरून मान न उचलता म्हणाले, "ठकीच्या छातीत ती झडप नीट बसवलेली नव्हती. जन्मापासून. मी असं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नसतं. घरी ठेवून घेतलं असतं, पण दिलं नसतं." आणि थोड्या वेळानं, "निदान दुरुस्तीला परत तरी घेतलं असतं. त्यानं परत घेतलं, ते दुरुस्त करून पाठवलंय कुठं?"

तुला आठवतं, डॉक्टरांच्याही आधी बाबांनी ते ओळखलं होतं? ठकी मांडीवर झोपली होती आणि सवयीनं त्यांनी तिच्या छातीला कान लावला, जसा ते प्रत्येक घड्याळाला लावतात. मग आईला हाक मारून म्हणाले, "हिचा एक ठोका मागे पडतोय." आई हसली, म्हणाली, पोरीला तरी सोडा. नंतर कुणी हसलं नाही.

तुझ्यावर रागावून मी फोन केला, तर तू म्हणालास की हा फार जुना आक्षेप आहे आणि त्याला उत्तरं आहेत. जुना आक्षेप! आणि मग ते अकरा पानांचं टाइप केलेलं टपाल पाठवलंस. मी ते बाबांना द्यायलाच नको होतं. पण बाबांच्या नावाचं पाकीट मी कधी फोडलेलं नाही. त्यांनी तीन दिवस वाचलं. वेदना नसतील तर धैर्यही नसेल, याला त्यांनी मान हलवली. आपल्याला भाग दिसतो आणि पूर्ण दिसत नाही, यालाही. मग सहाव्या पानावर तू लिहिलं होतंस की जगातला पुष्कळसा बिघाड घडवणाऱ्याचा नसतो, वापरणाऱ्याचा असतो, कारण त्यानं आपल्याला हवं तसं वागायची मोकळीक दिली आहे. बाबांना तिथं हसू आलं. "अगं, हे तर आपण गिऱ्हाइकाला सांगतो," म्हणाले. "घड्याळ आपल्याच हातून बिघडलं असलं की म्हणायचं, तुम्ही ओल्या हातानं वापरलं असेल हो." पण मग ते पुन्हा त्याच ओळीवर आले. 'वापरणाऱ्याचा' या शब्दावर त्यांनी नख टेकवून ठेवलं होतं. भर दुपारी दुकान तसंच उघडं टाकून ते वर निघून गेले. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

मला तुझा किती राग आला, ते लिहायला या पेनात शाई पुरणार नाही. देव असल्याचं तू ज्या लोकांना सिद्ध करून देतोस ते टाळ्या वाजवून घरी जातात. त्यांचं काही बिघडत नाही, त्यांचा देव आधीच दुसऱ्या कशावर तरी उभा असतो, तुझा पुरावा ते शोभेला नेतात. पण बाबा कारागीर आहेत. त्यांच्या हातात कुणी काही दिलं की ते उघडतात. ज्या वस्तूला पन्नास वर्षं त्यांनी कधी झाकण उघडून बघितलं नव्हतं, ती तू त्यांच्या टेबलावर आणून ठेवलीस. आणि का? तुझ्या पुस्तकाला एक चांगलं उदाहरण हवं होतं म्हणून.

ठकी गेल्यावर मीही सिस्टरला विचारलं होतं की देवानं असं का केलं. ती वह्या तपासत होती. तिच्याकडे उत्तरं नव्हती असं नाही, तिचं सगळं कपाट उत्तरांच्या पुस्तकांनी भरलेलं होतं. तिनं पेन बाजूला ठेवलं, मला पाठमोरी बसवलं आणि माझ्या वेण्या सोडल्या. आईला तेव्हा कशाची शुद्ध नव्हती, मीच कशातरी बांधून शाळेत गेले होते, एक वर, एक खाली. तिनं त्या नीट घातल्या आणि म्हणाली, "उद्या घंटेच्या आधी ये." महिनाभर ती रोज माझ्या वेण्या घालत होती. एकदाही देवाचं नाव काढलं नाही. तू मात्र तेव्हा वाचनालयात जाऊन बसायला लागलास. चौदा वर्षांचा मुलगा, शाळा सुटली की वाचनालय, बंद होईपर्यंत. घरी सगळे कौतुक करत होते, पोरगा किती अभ्यासू झालाय. मला माहीत होतं तू काय शोधतोयस. तुला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं की जे झालं ते आधीच कुठल्या तरी मोठ्या आराखड्यात ठरलेलं होतं, त्यात कुणा एकाचा हात नव्हता. तेच तू अजून लिहितोयस.

कारण ठकी गेली त्या दिवशी मी जिन्याखाली होते, दादा. तू मला पाहिलं नव्हतंस. शाळेच्या खेळाच्या सरांनी दुरुस्तीला दिलेलं स्टॉपवॉच तू ड्रॉवरमधून काढलंस. खालच्या पायरीवर उभा राहून तू "पळ!" म्हणालास आणि ठकी जिना चढत सुटली, एकोणचाळीस पायऱ्या, हसत. तिलाच हौस होती, रोज तुझ्यामागे लागायची, माझी वेळ लाव, माझी वेळ लाव. वरच्या पायरीला हात लावून ती ओरडली, "किती?" आणि तू बटण दाबलंस. मग ती बसली. मग आडवी झाली. तू आधी वर धावलास, आईला हाका मारल्यास, आणि सगळे वर जमल्यावर खाली येऊन ते घड्याळ जागच्या जागी ठेवलंस. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. तुला वाटलं असेल की कुणालाच माहीत नाही.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. मला लिहायचं नव्हतं. मी तुझ्याशी अबोलाच धरणार होते, घरात एकानं धरलाच आहे. पण त्या दुपारी वर गेलेले बाबा अर्ध्या तासानं त्यांच्या कपाटातली एक डबी घेऊन खाली आले. त्यात ते स्टॉपवॉच होतं. काटा सव्वीस सेकंदांवर उभा. त्यांना दुसऱ्याच दिवशी ड्रॉवरमध्ये तो थांबलेला काटा पाहून कळलं होतं, दादा. खेळाच्या सरांना त्यांनी सांगितलं की हे दुरुस्त होण्यासारखं नाही, आणि दुसरं दिलं. जन्मात गिऱ्हाइकाशी एकदाच खोटं बोलले. डॉक्टरांनी तेव्हाच त्यांना सांगितलं होतं की ती झडप कधीही थांबली असती, झोपेतसुद्धा. ते वाक्य तुझ्यापर्यंत कधी पोचलं नाही, कारण ते तुला सांगायचं तर डबी उघडावी लागली असती. मीही तोंड उघडलं नाही. बाबा म्हणाले, "मी त्याला कधी बोललो नाही. पण बोललो नाही म्हणजे सोडलं असं नव्हतं. वरच्याला सांभाळून घेतलं आणि पोराला मनात दोषी धरून ठेवलं. आता पोरानंच मला सिद्ध करून दाखवलंय की काम त्या वरच्याचं होतं. मग चूक एकाचीच असेल ना? दोघांच्या नावावर कशी टाकू?" आणि त्यांनी माझ्यासमोर बटण दाबलं. काटा शून्यावर गेला. मग त्यांनी ते उघडून साफ केलं, तेल घातलं, आणि म्हणाले, त्याला पाठव. ते या पत्राबरोबर आहे. छान चालतंय. मी तुला माफ केलेलं नाही. माझ्या सकाळी तू नेल्यास आणि त्या परत कशा आणायच्या ते तुझ्या कुठल्याच पानावर नाही. पण बाबांनी केलंय, आणि त्यासाठी त्यांनी काय मोजलं ते तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. आता ये. वहीचा खिसा रिकामा करून ये, आणि या वेळी वर ये. गुडघ्यांचं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, सावकाश चढ म्हणावं त्याला, कुणी वेळ लावत नाही.

रागातली, तरी तुझीच,
मधली